विजयाचा चिखल

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, आणि कोटावर फिरवायचा तर नव्हेच. बुटांच्या तळाचा चिखल काढणे हे माझे काम. आपली जीवनकहाणी सांगावी एवढी आपली योग्यता आहे का, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. चेंडूपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. करंडकापाशी तर असतेच. त्यांनी मैदान पाहिलेले असते. मी ज्या सामन्याची गोष्ट सांगणार आहे, तो सामना मी पाहिलेलासुद्धा नाही. तेव्हा कुठे अडखळलो, काही सांगायचे राहिले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. बीचच्या लाकडाची माझी पाठ, आणि ताडाच्या ताठ धाग्यांचे माझे केस. बाकावर बसलेली एक बाई धाग्यांची एकेक जुडी तारेने ओढून माझ्या पाठीतल्या भोकांत घट्ट बसवत होती. शेवटची जुडी बसल्यावर तिने माझ्यावरून तळहात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "हा बरा जमलाय गं." मग तिने मला टोपलीत टाकले. ती कौतुकाची पहिली थाप मला पुढे बरीच वर्षे पुरली.

दुकानातून मला उचलले ते सार्जंट हेग यांनी. त्यांनी आधी चार ब्रश पाहिले. प्रत्येकाचे केस अंगठ्याने वाकवून सोडले, आणि जो सर्वांत लवकर ताठ झाला तो घेतला. तो मी होतो. सार्जंट एका लष्करी छावणीतल्या कोठीचे प्रमुख होते. छावणीचा रग्बी लीगचा संघ होता. लांबट चेंडू घेऊन धावायचे, समोरच्याने अंगावर झेपावून जमिनीवर पाडायचे, उठायचे आणि पुन्हा धावायचे, असा हा तेरा-तेरा जणांचा खेळ. संघात ट्रकचालक होते, आचारी होते, यंत्रे दुरुस्त करणारे होते. त्यांचे सदरे, चेंडू, पट्ट्या आणि बूट सांभाळणे ही सार्जंटांची हौसेने घेतलेली जबाबदारी होती.

आमचे मैदान माळरानाच्या कडेला होते. आठवडाभर त्यावर शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या चरत आणि शनिवारी आमचे जवान खेळत. चिखल कसा असेल याची तुम्ही कल्पना करू शकता. सामना संपला की सार्जंट एका पालथ्या खोक्यावर बसत, बादली पुढे ओढत आणि मला हातात घेत. बुटांच्या तळाला पकडीसाठी गोल खुंट्या असतात. त्या खुंट्यांच्या मुळाशी चिखल असा घट्ट बसतो की तो काढायला ताठ केसच लागतात. "बूट धुतल्याशिवाय कुणालाही चहा मिळणार नाही," असे सार्जंट म्हणत, आणि मग सगळ्यांचे बूट स्वतःच धूत बसत.

त्या बुटांत दोन बूट फार मोठे होते. ते इसिकेलीचे. इसिकेली तामानी हा फिजी बेटांवरून आमच्या फौजेत भरती झालेला जवान. उंच, रुंद आणि बोलायला इतका हळू, की त्याचे म्हणणे ऐकायला माणसे पुढे झुकत. त्याच्या मापाचे बूट कुठल्याच दुकानात मिळत नसत. एका जुन्या कारागिराने त्याच्या पायांचा लाकडी साचा करून एक जोड शिवून दिला होता. तो एकच.

"तुझे बूट धुवायचे म्हणजे दोन होड्या धुवायच्या," सार्जंट म्हणत.

"द्या मोमो, मी धुतो," इसिकेली म्हणे. त्याच्या भाषेत मोमो म्हणजे मामा. फौजेत सार्जंटला मामा म्हणायची पद्धत नाही, पण सार्जंटांनी त्याला कधी अडवले नाही.

अशी पाच-सहा वर्षे सुखात गेली. मग माझे दिवस फिरले.

त्या वर्षी आमचा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. आदल्या दिवशी सार्जंटांनी सगळे बूट नेहमीपेक्षाही कसोशीने धुतले. माझे चार केस त्यात तुटले. आणि दुसऱ्या दिवशी आमचा संघ सपाटून हरला. समोरच्यांचे तीस गुण, आमचे चार.

संघात ओल्ड्रॉइड नावाचा एक आचारी होता. कमरेएवढा उंच वाटावा असा बुटका, आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. बूट काढता काढता तो म्हणाला, "सार्जंट, वर्षभराचं नशीब त्या बुटांना चिकटलेलं होतं. तुमच्या ब्रशने ते खरवडून काढलं."

सगळे हसले. पण पुढच्या मोसमात पहिला सामना जिंकल्यावर कुणीच बूट धुवायला दिले नाहीत. दुसराही जिंकला, तिसराही. मग तो नेमच होऊन बसला. बुटांचा वरचा भाग पॉलिशने आरशासारखा चमकवायचा, कारण फौजेत त्यावाचून सुटका नाही. तळाला मात्र हात लावायचा नाही. तो विजयाचा चिखल. एका सामन्याचा थर वाळे, त्यावर दुसऱ्याचा बसे.

सार्जंटांना ते पसंत नव्हते. पण जिंकणाऱ्या संघापुढे शहाणपण सांगायचे कसे? एका संध्याकाळी त्यांनी मला लाल साबणाने स्वच्छ धुतले, खिडकीत वाळवले, पुन्हा एकदा धुतले आणि कोठीतल्या खिळ्याला टांगले. "रुसू नकोस," ते हळूच म्हणाले. मी आठ महिने त्या खिळ्यावर होतो. खरे सांगायचे तर रुसलो नव्हतो. पण रोज खालून न धुतलेले बूट जाताना पाहून मनात येई, की त्या पराभवात खरेच माझा दोष असेल काय? एकट्याने टांगून राहिले की असल्या शंका येतात.

त्या वर्षी अंतिम सामना आमच्या संघाने जिंकला आणि बक्षीस म्हणून परदेश दौरा मिळाला. दौरा होता फिजीचा! मुख्य सामना सिंगातोका गावी, शनिवारी, तिथल्या संघाशी. इसिकेलीचे घर तिथून वरच्या अंगाला, नदीच्या काठी. सहा वर्षांत तो घरी गेला नव्हता, आणि आमच्या संघातून खेळताना त्याच्या आईने त्याला कधीच पाहिले नव्हते.

कोठीत एक दूरध्वनी होता. इसिकेलीने तिथूनच आईला कळवले. तिचा आवाज एवढा खणखणीत होता की खिळ्यावरून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"तू नक्की खेळणार ना?" ती विचारत होती. "तसं असेल तर मी सगळ्यांना सांगते. अख्खा ट्रक भरून आणते. पण नंतर तू बाकावर बसलेला दिसलास, तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

"खेळणार, आई."

"सुरुवातीपासून?"

"सुरुवातीपासून."

"देवाशपथ?"

इसिकेलीने माझ्या खिळ्याकडे पाहिले. तिथे दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते. "देवाशपथ," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी कॅप्टन थॉर्नली एक कागद घेऊन कोठीत आले. ते संघाचे व्यवस्थापक. नीटनेटके, घाईत असलेले आणि मनाने सरळ. "फिजी सरकारला लिहून द्यायचंय, की आपलं सगळं सामान स्वच्छ आहे. आहे ना, सार्जंट?"

सार्जंटांनी बुटांकडे पाहिले. राखीव खेळाडूंचे धरून सतरा जोड ओळीने मांडलेले, एकेक असा चमकत होता की त्यात भांग पाडावा. "चमकतायत, साहेब," ते म्हणाले. चमकते ते स्वच्छ, असा फौजेतला जुना हिशेब. कॅप्टनांनी सही केली. बूट उलटा करून कुणी पाहिलाच नाही.

"आणि सार्जंट," ओल्ड्रॉइड दारातून म्हणाला, "तो ब्रश पेटीत दिसला ना, तर मी विमानात बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

सगळे गेल्यावर सार्जंटांनी मला खिळ्यावरून काढले, एका टॉवेलात गुंडाळले आणि स्वतःच्या पिशवीत तळाशी ठेवले. का, ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे.

फिजीतल्या नांदी गावच्या विमानतळावर उतरलो तेव्हा टॉवेलातूनही उकाडा जाणवत होता. सामान एका लांब टेबलापाशी थांबवण्यात आले, सार्जंटांची पिशवीही तिथेच उघडून ठेवलेली. तिथे शकुंतला वती नावाच्या अधिकारी होत्या. लहानखुऱ्या, केसांत पांढरी बट, गळ्यात दोरीला चष्मा. बाहेरून कीड, माती, रोग येऊ नये हे पाहण्याचे त्यांचे काम. त्यांनी पेटी उघडली, वरचा बूट उचलला, क्षणभर त्यात आपले प्रतिबिंब पाहिले आणि मग तो उलटा केला.

"हे काय आहे?"

"बूट आहेत, मॅडम," कॅप्टन म्हणाले.

"ते मला दिसतंय. बुटाखाली काय आहे?"

शेवटी ओल्ड्रॉइडलाच राहवले नाही. "विजय आहे, मॅडम."

शकुंतलाबाईंनी चष्मा लावला. "तुमच्या विजयाला मेंढ्यांच्या लेंड्या चिकटल्यात." त्यांनी दुसरा बूट उलटा केला, मग तिसरा. "ही सही कुणाची?"

"माझी."

"वाचून केलीत?"

"वाचून केली," कॅप्टन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"हं. न वाचता केली असतीत, तर एक वेळ मी समजून घेतलं असतं." त्यांनी टेबलाखालून एक पिवळी पिशवी काढली. "तुम्ही आठ दिवस खेळाल आणि घरी जाल. या मातीतून खुरांचा एखादा रोग इथे उतरला, तर आमच्या गाई, आमचे बैल कुठे जातील? बूट सगळे भट्टीत."

कॅप्टन म्हणाले की सामना परवावर आहे. त्या म्हणाल्या की भट्टी आजच पेटलेली आहे. बाकीच्यांची तशी अडचण नव्हती, इथल्या खेळाडूंकडून बूट उसने घेता आले असते. पण इसिकेलीच्या पायांत मावेल असा बूट साऱ्या बेटावर मिळणे कठीण होते. अनवाणी खेळायला पंचांनी परवानगी दिली नसती. मला टॉवेलाच्या घडीतून त्याचे हात तेवढे दिसत होते. एवढे मोठे हात एवढे गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते.

तो पुढे झाला आणि वाकून म्हणाला, "चूक आमची आहे. घाला भट्टीत."

शकुंतलाबाईंनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळले. "तू तर इथलाच दिसतोस. कुठला?"

"सिंगातोकाच्या वरचा. नदीकाठचा."

"म्हणजे माती आणू नये हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

इसिकेली बुटांकडे पाहत म्हणाला, "वडीलधारे होते. सगळ्यांचा नेम होता. मध्ये बोलायला मला जमलं नाही."

"जमलं नाही! एवढा डोंगराएवढा माणूस, आणि म्हणे बोलायला जमलं नाही! तुझ्या आईला कळवू का मी हे?"

"नको," इसिकेली घाईघाईने म्हणाला. "ती ट्रक घेऊन येणार आहे."

शकुंतलाबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, असे मला वाटले. मी खात्रीने सांगत नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "मागे धुण्याची मोरी आहे. पुढचं विमान तासाभरात उतरतंय. ते आलं की मी मोरी बंद करून जाणार. तोवर जितके बूट साफ होतील ते तुमचे, उरतील ते माझे. मातीचा कणही गटारात जाता कामा नये, सगळी या परातीत. ब्रश आहे का?"

जवानांनी आपापले पॉलिशचे ब्रश काढले. शकुंतलाबाईंनी एकेकाला हात लावून बाजूला सारले. "मेण आहे याला. माती उलट चिकटते. दुसरा?"

तेव्हा सार्जंट हेगांनी मान खाली घालून टॉवेल उलगडला.

"आणलात तुम्ही!" ओल्ड्रॉइड ओरडला. "मी सांगितलं होतं की—"

"ओल्ड्रॉइड, तोंड बंद ठेव आणि तुझे बूट आण."

पण मला लगेच कामाला लावले गेले नाही. शकुंतलाबाईंनी मला उचलले, दिव्याखाली धरले, माझे केस फाकवून मुळाशी पाहिले. मग पांढऱ्या कागदावर मला तीनदा आपटले. मी जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. कागद पांढराच राहिला.

"या एवढ्या सामानात," त्या म्हणाल्या, "स्वच्छ असा हा एकटाच दिसतोय."

मित्रांनो, आठ महिने मी टांगून होतो म्हणून स्वच्छ होतो, यात माझे कर्तृत्व काही नाही. तरी ते ऐकून मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

मग जे काम सुरू झाले, ते मी तोवर कधी केले नव्हते. जवान किल्ल्यांनी, काड्यांनी, स्वतःच्या दात घासायच्या ब्रशांनी खुंट्यांमधली ढेकळे उकरून परातीत टाकत. शेवटचा हात माझा. सार्जंट मोरीवर उकिडवे बसून घासत होते आणि इसिकेली एकेक जोड त्यांच्या हाती देत होता. आठ महिन्यांचे थर होते ते! एकाखाली एक, सगळे जिंकलेले सामने. दहावा जोड झाला, बारावा झाला. सार्जंटांनी मान वर केली.

"तुझे कुठेत रे?"

"शेवटी आहेत, मोमो."

"शेवटी का? आधी आण. वेळ संपत आली!"

"माझ्या घरी पाहुणे आलेत, मोमो. आधी पाहुण्यांचं."

"अरे, हे काय पाहुणे आहेत का? हा ओल्ड्रॉइड पाहुणा आहे?"

"इथे उतरलो तेव्हापासून आहे," इसिकेली म्हणाला, आणि त्याने ओल्ड्रॉइडचे बूट पुढे केले. ओल्ड्रॉइडने ते परत घ्यायला हात पुढे केला, पण इसिकेलीच्या हातातून बूट काढून घेणे कुणाला शक्य होते?

सोळावा जोड संपला तेव्हा बाहेर विमानाची घरघर ऐकू आली. सार्जंटांची बोटे आखडली होती. मी त्यांच्या हातातून निसटून मोरीत पडलो.

"द्या इकडे," कॅप्टन थॉर्नली म्हणाले. त्यांनी टाय खिशात कोंबला आणि गुडघे टेकून ओल्या जमिनीवर बसले.

"साहेब, तुम्ही कशाला? तुमची विजार—"

"सही माझी आहे, सार्जंट."

फौजेत अधिकाऱ्याने जवानाचे बूट धुतल्याचे मी तरी दुसऱ्यांदा पाहिले नाही. त्यांना सवय नव्हती, माझे केस ते उलट्या बाजूने दाबत होते, पण घासत होते जिवापाड. डावी होडी झाली. उजवी अर्धी झाली. तेवढ्यात विमान उतरल्याचा आवाज आला आणि शकुंतलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता, न उघडलेला.

"वेळ झाली," त्या म्हणाल्या.

कॅप्टन थांबले नाहीत.

शकुंतलाबाईंनी चष्मा काढला आणि पदराइतक्या मोठ्या रुमालाने पुसायला घेतला. आधी एक काच पुसली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली. मग दोरी पुसली. चष्मा इतका वेळ पुसणारे माणूस मी त्यानंतर पाहिलेले नाही. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला तेव्हा कॅप्टनांनी उजवा बूट खाली ठेवला होता.

मग तपासणी झाली. हातात विजेरी आणि एक लांब सुई. चौतीस बूट. शेवटच्या बुटाच्या तिसऱ्या खुंटीपाशी सुई थांबली.

"इथे आहे," त्या म्हणाल्या.

इसिकेलीने डोळे मिटले. शकुंतलाबाईंनी स्वतः मला उचलले, माझ्या कडेच्या केसांचे टोक त्या फटीत घातले आणि एकदाच फिरवले. तांदळाच्या कणीएवढी माती परातीत पडली. त्यांनी पुन्हा सुई फिरवली.

"जा आता. शनिवारी मला सुट्टी आहे. मी येते बघायला. तुमच्या या बुटांपायी माझी रोटी-भाजी गार झालीय, निदान खेळ तरी चांगला करा."

सतरा जण एकदम बोलू लागले. कुणी कुणाच्या पाठीवर थापा मारत होते, ते माहीत नाही. सार्जंट मोरीच्या कडेला टेकून नुसते बसले होते. आणि तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, "आता याचं काय?"

त्यांच्या हातात मी होतो.

"लाकूड आणि धागे. आता यात माती गेली, ओल गेली. हा बाहेर जाणार नाही. भट्टीत."

मित्रांनो, मला राग आला नाही. त्यांचे बरोबरच होते. मी तेवढ्यातल्या तेवढ्यात मनाची तयारी करू लागलो होतो. सार्जंटांना स्वतःसाठी काही मागता येत नसे.

बोलला तो ओल्ड्रॉइड. "मॅडम, तो आमच्या संघातला आहे."

"हा? खेळाडू आहे?"

"अठरावा."

शकुंतलाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "मग अठराव्याला इथेच राहावं लागेल. औषधाच्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात. जाताना चिठ्ठी दाखवून घेऊन जा. दहा दिवसांत आला नाहीत, तर भट्टी."

"येऊ," सार्जंट म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा सर्वांत मोठा आवाज तो होता.

अशा रीतीने, ज्या सामन्यासाठी एवढे झाले, त्या सामन्याच्या वेळी मी एका डब्यात, उग्र वासाच्या पाण्यात बुडून होतो. शनिवार कधी आला आणि कधी गेला, ते मला कळले नाही. इसिकेली खेळला का? ऐन वेळी त्याचा पाय दुखावला तर नसेल? ट्रक आला असेल का? अंधारात माझ्याकडे दुसरा उद्योग नव्हता.

एके सकाळी झाकण उघडले. शकुंतलाबाई पाणी बदलायला आल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला जोसेवा नावाचा त्यांचा सहकारी चहा पीत उभा होता.

"मग? गेली होतीस का सामन्याला?"

"गेले होते ना. हरले ते. दोन गुणांनी."

आता सगळे मलाच बोलणार, हे मी ओळखले.

"आणि तो मोठ्या पायांचा?"

"पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत मैदानात! त्याची आई, मेरेवाई, माझ्या पुढच्याच रांगेत होती. ट्रक भरून गाव आणलेलं. त्याने सुरुवातीलाच आपल्याकडच्या एका पोराला उचलून जमिनीवर पाडलं, तशी ही ताडकन उठून ओरडली, 'इसिकेली! वानीचा मुलगा आहे तो! हळू!'"

जोसेवाला चहाचा ठसका लागला.

"अख्खं मैदान हसलं. तोही हसला आणि त्याच्या हातातून चेंडू निसटला. तिथेच तर आपल्याला गुण मिळाले. नंतर मात्र त्याने दोघांना अंगावर घेऊन तिच्यासमोरच्या कोपऱ्यात, रेषेपलीकडे चेंडू टेकवला. सगळे उभे राहिले. ही बसूनच. मी म्हटलं, अहो, तुमच्या मुलाने गुण केले. तर म्हणते कशी, 'केवढे पाय झालेत हो याचे! आणि बूट बघा, किती स्वच्छ ठेवलेत पोराने!'"

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"मी कशाला सांगू?" शकुंतलाबाई म्हणाल्या आणि झाकण लावले.

त्या झाकणाखालच्या अंधारात मी किती निवांत पडलो होतो, ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत.

निघायच्या दिवशी सार्जंट चिठ्ठी घेऊन आले. मागे सगळा संघ. बुटांची पेटी उघडी होती आणि सगळे बूट तळ वर करून ठेवलेले. एकावरही मातीचा डाग नव्हता. मेरेवाईने सतरा जोड नदीवर नेऊन नारळाच्या सोडणाने घासले होते आणि प्रत्येक जवानाला शेजारी बसवून घासायला लावले होते. ओल्ड्रॉइडच्या तळहातांना फोड आले होते.

"आला आमचा अठरावा," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सार्जंट, आपण का हरलो सांगू का?"

मी जीव मुठीत धरला. सार्जंटांनीही माझ्यावरची पकड घट्ट केली.

"ते आपल्यापेक्षा चांगले खेळले म्हणून."

"हे कळायला तुला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली," सार्जंट म्हणाले.

मुलाला निरोप द्यायला मेरेवाई विमानतळावर आली होती. तिला गोष्ट कळली होती. शकुंतलाबाईंनी सांगितली नव्हती, इसिकेलीनेच सांगितली. या वेळी त्याला बोलायला जमले. तिने हात पुढे केला. "हाच का तो?"

तिने मला उलटेसुलटे केले. औषधाच्या पाण्याने माझी पाठ पांढरी पडली होती आणि एका बाजूला उलली होती. "लाकूड तडकलंय की हो," ती सार्जंटांना म्हणाली. "याला तेल नाही लावत तुम्ही? एवढी मोठी फौज तुमची, आणि एका ब्रशाला घोटभर तेल नाही?"

"चुकलंच," सार्जंट म्हणाले.

तिने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, तळहातावर थोडे ओतले आणि माझ्या पाठीवर चोळले. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझ्यावरून असा हात कुणी फिरवला नव्हता.

त्याला आता बरीच वर्षे झाली. सार्जंट हेग निवृत्त झाले. कोठीतल्या त्या पालथ्या खोक्यावर आता सार्जंट तामानी बसतात, म्हणजे आमचा इसिकेली. माझे अर्धे केस गेले आहेत. घासायचे काम एक नवा, हिरवा, प्लॅस्टिकचा ब्रश करतो, आणि चांगले करतो. मी माझ्या जुन्या खिळ्यावर असतो. वर्षातून एकदा नदीकाठून खोबरेलाची बाटली येते आणि माझ्या पाठीला मिळते. संघ दौऱ्यावर निघाला की इसिकेली मला खाली उतरवतो, सगळे बूट उलटे करायला लावतो आणि प्रत्येकाच्या तळावरून मला एकदा फिरवतो. त्याने काही साफ होत नाही. पण उलटा करून पाहिलेला नाही असा एकही बूट आता छावणीबाहेर जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझे भाऊबंद असतील. मोरीत, जिन्याखाली, दाराआड. काम झाले की त्यांना धुवा, झटका आणि केस खाली करून टांगा, म्हणजे पाणी लाकडात मुरणार नाही. त्यांच्याकडे काही काम उरले नाही, तरीही एवढे करा. त्या दिवशी विमानतळावर तो पांढरा कागद पांढरा राहिला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सगळे माझ्यावर रागावलेले असताना, माझी गरज संपलेली असताना, एका माणसाने मला दोनदा साबणाने धुतले होते आणि खिडकीत वाळवून मग खिळ्याला टांगले होते.